वरच्या तळ्याचा, खालच्या तळ्याचा

माझी थोरली बहीण जन्माला आली तीच धास्ती घेऊन, असं आमची आई म्हणायची. घरातून निघताना ताई गॅस बघते, जिना उतरते, पुन्हा वर येते, कुलूप ओढून बघते आणि रस्त्याच्या वळणावर मला विचारते, "ओढलं ना ग मी?" रस्ता ओलांडायचा तर दोन्ही बाजूंना बघते आणि मग एकदा वरसुद्धा बघते. घरात मी तिला ताई म्हणते. माझा नवरा आणि लेक तिला धास्तीमावशी म्हणतात, आणि तीही निमूटपणे ओ देते. मला मात्र तिच्या या घाबरण्याचा राग येतो. माणसाने किती घाबरावं याला काही सुमार?

अशा बाईला नोकरी मिळाली तीही अशी, जिथे घाबरणं हाच पहिला नियम. तळ्याकाठी एक बैठी इमारत आहे, तिथे बोरू वटवट्या नावाचे पक्षी सांभाळतात आणि वाढवतात. वटवट्या म्हणजे चिमणीहून बारीक, मातकट रंगाचा, बोरूच्या दाट रानात राहणारा पक्षी. दिवसभर त्याचं तोंड चालू असतं, म्हणून हे नाव. त्याचे दोन प्रकार आहेत, एक वरच्या तळ्याचा आणि एक खालच्या तळ्याचा. दोन्ही तळ्यांच्या मधे डोंगराची सोंड आहे. कोणे एके काळी हे सगळे एकाच आजीची नातवंडं असणार, पण इतकी वर्षं सवतासुभा केल्यावर आता भाऊबंदकीपुरतंच नातं उरलंय. वरच्या तळ्यावरचं बोरू माणसांनी जाळून साफ केलं, तिथे आता एकही पक्षी दिसत नाही. खालच्या तळ्याच्या एका कोपऱ्यात थोडे तग धरून आहेत. म्हणजे वरच्याचे जे काही उरलेत ते त्या इमारतीतल्या एका खोलीत.

एकदा मी तिला विचारलं होतं, "दोघांत फरक तरी काय?"

"वरच्याचे पाय करडे, शिसपेन्सिलीसारखे. खालच्याचे जरा पिवळट. वरच्याची चोच किंचित रुंद. पंखातलं एक पीस आखूड. पण हे मोठेपणी, तेही हातात धरून, चांगल्या उजेडात. आणि एवढं करून मोठ्या बाई 'बहुतेक' म्हणतात. पहिल्या वर्षी तर दोघं अगदी सारखे."

"मग ओळखता कसे?"

"गाण्यावरून. वरचा प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणतो आणि मग थांबतो. खालचा सुरू झाला की थांबतच नाही." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "खालचा म्हणजे तू."

तिने आयुष्यात केलेले विनोद बोटांवर मोजता येतील, त्यातला हा एक.

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. त्यांनी इमारतीच्या दोन टोकांना दोन खोल्या केल्या होत्या, एक वरच्यांची, एक खालच्यांची, प्रत्येकीला दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि खोलीत बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, शीळ घालायची नाही. कारण पिल्लू पोटातून गाणं घेऊन येत नाही, ते कानाने शिकतं. लहानपणी जे ऐकेल तेच जन्मभर गातं. पक्ष्यांच्या खाण्यासाठी अळ्या वाढवणारा एक माणूस आहे, त्याला सगळे अळीवाला म्हणतात. त्याला शीळ घालायची खोड होती. बाईंनी त्याची रवानगी मागच्या शेडमध्ये केली, अळ्यांना काय ऐकवायचं ते ऐकव म्हणाल्या. ताईला असला त्रास नव्हता. ती मुळातच तोंडाला कुलूप लावून असायची, तिथे ते आणखी घट्ट झालं.

माझाही त्या इमारतीशी संबंध होता. मी शिवणकाम करते. पक्ष्याला न्यायचं-आणायचं असलं की कापडी पिशवीत घालतात, अंधारात तो शांत बसतो. त्या पिशव्या माझ्या हातच्या. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, कारण आत धागा सुटला तर त्यात बोट अडकून पाय मोडतो. हे ताईने मला इतक्या वेळा बजावलं होतं की मला झोपेतही उलटी पिशवी शिवता आली असती.

तर त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधीची गोष्ट. वरच्या खोलीतला म्हातारा नर हिवाळ्यात गेला होता. मागे राहिला त्याचा एकुलता एक मुलगा, गेल्या वर्षीच्या घरट्यात जन्मलेला. बापाचं गाणं तो हुबेहूब गायला लागला तेव्हा मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्याच्या आदल्या वर्षीच्या, दुसऱ्या जोडप्याच्या घरट्यातली एक तरुण मादी होती, तिच्याशी पुढच्या आठवड्यात त्याची जोडी लावायची ठरलं. आणि त्याच्या आधी, परवा सकाळी, खालच्या खोलीतले गेल्या वर्षीचे पक्षी खालच्या तळ्यावर सोडायचे. सगळे खुशीत होते. फक्त आमच्या ताईचं जेवण सुटलं. ताटात घेतलेलं तसंच राहायचं. कुलूप ओढून बघायला ती दोनदा परत यायला लागली. मी म्हटलं, हे काही नेहमीचं घाबरणं नाही.

त्या संध्याकाळी माझी लेक खिडकीत बसून नखं रंगवत होती. ताई धुतलेले कपडे घडी करत होती. नेलपॉलिशचा वास खोलीभर पसरला, आणि ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे ओल्या बोटाला लावलं तर टिकतं का ग?" तिने माझ्या लेकीला विचारलं.

"छे, मावशी. निघून येतं. बोट कोरडं हवं, आणि मग वाळू द्यावं लागतं."

ताईच्या हातातला टॉवेल खाली पडला आणि तिने तो उचलला नाही. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हटलं, "आता बोल. मुकाट्याने बोल."

ती कुजबुजत बोलली. गेल्या वर्षी पिल्लं इवलीशी असतानाची गोष्ट. इतक्या लहान पायात कडं घालता येत नाही, म्हणून ओळखायला नखाला नेलपॉलिशचा ठिपका लावतात. वरच्याला लाल, खालच्याला पांढरा. एका दुपारी लाइट गेली. प्रत्येक खोलीत पिल्लांना ऊब द्यायची एक पेटी होती, पण बॅटरीवर एकच चालायची. ती एकटीच होती तिथे. पिल्लं गारठून मरू नयेत म्हणून तिने सगळी एका पेटीत घातली. एकमेकांच्या अंगावर पडून ती घाण झाली. घाणीने पाय चिकटतात, म्हणून तिने सवयीने ओल्या कापसाने एकेकाचे पाय पुसले. ठिपके सकाळीच लावले होते, ओलसर पायांवर, घाईत. लाइट आली तेव्हा दोन पिल्लांच्या नखांवर काहीच नव्हतं. बाकीच्यांचा पांढरा रंग शाबूत होता. म्हणजे त्या दोघांतलं एक खालचं, आणि दुसरं वरचं, त्या वर्षीचं एकुलतं एक.

"मग?"

"मोठं होतं ते वरचं धरलं. वरचं आधी फुटलं होतं अंड्यातून. पुन्हा रंग लावला आणि आपापल्या खोलीत ठेवलं."

"मग बरोबरच असेल की."

"खालच्यांना त्या सकाळी जास्त भरवलं होतं. मीच भरवलं होतं."

मला आधी रागच आला. "आणि वर्षभर हे पोटात ठेवून बसलीस?"

"रोज सांगणार होते."

"पण तो वरचं गाणं गातो ना? बाई तर रडल्या म्हणे."

"जिथे वाढला तिथलं गातो तो. खालच्याला वरच्या खोलीत वाढवलं तरी वरचंच गाईल." ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी काहीतरी करू शकेन. "म्हणून तर कोणाला कळणार नाही. कधीच कळणार नाही. उद्या जोडी लागेल, पिल्लं होतील, तीही बापाचं ऐकून वरचंच गातील, सगळे म्हणतील वरचा पक्षी वाचला. आणि वरचा कुठेच नसेल."

मला पक्ष्यांचं काय एवढं, पण चोरी होते तेव्हा निदान रिकामं कपाट दिसतं. इथे सगळं जागच्या जागी दिसणार होतं. मी तिला म्हटलं, "उद्या जाऊन सांगायचं. नाहीतर मी येऊन सांगते." ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली.

"सांगितलंस?"

"बाई फोनवर होत्या."

"दिवसभर?"

तिने कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

पक्षी सोडायच्या दिवशी मी नव्या पिशव्यांचं निमित्त करून तिच्याबरोबर गेले. खालच्या तळ्यावर बोरूत शिरायला फळ्यांची अरुंद वाट आहे. पुढे मोठ्या बाई, मग ताई, मग अळीवाला, शेवटी मी. ताईच्या खांद्यावरच्या काठीला माझ्या पिशव्या लटकत होत्या, आणि प्रत्येक पिशवीत काहीतरी किंचित हलत होतं. बोरू डोक्याच्या वरपर्यंत गेलेलं, वारा नाही, आणि आतून कुठूनतरी त्या खालच्या पक्ष्याची न थांबणारी बडबड. एरवी मला गंमत वाटली असती. त्या दिवशी तिकडे लक्षच नव्हतं. ताई आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मी तिच्या पाठीकडे बघत होते.

बाईंनी हात मागे केला. ताईने पहिली पिशवी दिली. बाईंनी नाडी सोडली, पिशवी आडवी धरली, पक्षी क्षणभर तोंडाशी बसला आणि सुळकन बोरूत गेला. गेला तो गेला, कुठे बसला तेही दिसलं नाही. दुसरी पिशवी. तिसरी. ताईने एक पिशवी मात्र काठीवरून काढून केव्हाच हातात घेतली होती आणि छातीशी धरली होती. मला कळलं ती कोणाची. बाकीच्या सगळ्या रिकाम्या झाल्या.

"दे," मोठ्या बाई मागे न बघता म्हणाल्या.

ताई हललीच नाही.

"दे ग, तो घाबरतोय आत."

"हा नको," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक की अळीवाल्याला वाटलं मीच बोलले. बाई वळल्या. ताईच्या पायांखाली फळी हलत होती, मला भीती वाटली की ती पिशवीसकट पाण्यात पडेल. मी मागून तिचा दंड धरला. आणि तिथेच, फळीवर उभ्या उभ्या, तिने सगळं सांगितलं. लाइट, पेटी, कापूस, नखं. मधेच थांबली नाही, एकदाही. अळीवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता.

मोठ्या बाई रागावतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. पिशवीची नाडी नीट आवळलेली आहे का ते त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडीत बस. मांडीवर ठेव, हलवू नकोस." त्या न रागावण्याने माझं धाबं जास्त दणाणलं.

दोन्ही नरांचं, त्या पिशवीतल्याचं आणि वरच्या खोलीतल्याचं, एकेक पीस दुसऱ्या गावी पाठवलं, पिसावरून कोण कुठला ते ओळखायच्या तपासणीला. पाकिटांना हात लावायलाही ताई तयार नव्हती, बाईंनीच ती बंद केली. मग वाट बघणं. ताईने कामावरचा एप्रन धुऊन, इस्त्री करून, घडी घालून दाराशी ठेवला, म्हणजे परत मागितला तर लगेच देता येईल. माझा नवरा एकदा म्हणाला, "धास्तीमावशी, सगळे पक्षी सारखेच दिसतात, बिचाऱ्या मादीला तरी काय कळतंय?" त्यावर कोणी हसलं नाही, आणि तोही मग पेपर उघडून बसला. वाजलेल्या प्रत्येक फोनला मी दचकायला लागले. आयुष्यभर जिला नावं ठेवली तिच्यासारखीच मी झाले होते, दाराची कडी सोडली तर.

एका दुपारी ताई कामावरून आली ती घरात शिरलीच नाही. जिन्यातच बसली. मी खाली गेले.

"उलटंच होतं," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले.

"म्हणजे वरचा तो माझ्या हातात होता ग. पिशवीत. बाईंनी दे म्हटलं तेव्हा." तिने आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. "मी दिला असता."

"पण दिला नाहीस."

"दिला असता," ती पुन्हा म्हणाली. मी तिला धरून बसले. वरच्या मजल्यावरचे लोक जा-ये करत होते, आम्हाला ओलांडून.

नोकरी गेली नाही. पण भीतीही गेली नाही, कारण आता नवाच पेच होता. खरा वरचा सापडला, पण तो वाढला होता खालच्या खोलीत. त्याला मादीच्या शेजारी जाळीपलीकडे ठेवलं, तर तो खालच्याचं गाणं गायला लागला, न थांबता. मादी पिसं फुगवून पार लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली. एकदा तो जाळीला चिकटून गायला तर तिने चोचीने हाणलं त्याला. दिवस निघून चालले होते. घरटं बांधायचे दिवस थोडे असतात, एकदा उलटले की उलटले. आणि मादीही काही जन्मभर तरुण राहणार नव्हती. ताई रोज येऊन एवढंच सांगायची, "नाही बघितलं तिने." मला त्या मादीचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. अशा वेळी कसले नखरे?

शेवटी मोठ्या बाईंनीच तोड काढली. त्यांनी मला बोलावणं पाठवलं. खोलीच्या मधोमध दुहेरी जाळी, आणि जाळीला खालपासून वरपर्यंत पडदा हवा होता. आवाज जावा, पण काडीएवढंही दिसू नये. पडद्यापलीकडे ठेवणार होते तो नकली, म्हणजे खालच्या तळ्याचा असून वरच्या बापाचं गाणं शिकलेला. अलीकडे मादी आणि खरा. गाणारा एक, नवरा दुसरा.

"आणि पडद्याला भोक पडलं तर?" ताईने विचारलं.

"म्हणून तुला ठेवलंय तिथे," बाई म्हणाल्या.

मी काळं, पातळ पण घट्ट विणीचं कापड घेतलं आणि दुहेरी टीप मारली. ताई रोज सकाळी एक दार लावून मगच दुसरं उघडून आत जायची आणि त्या सगळ्या शिवणीवरून बोट फिरवायची.

"माझ्या शिवणीवर विश्वास नाही का तुझा?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

पहिले काही दिवस दोन्ही नर पडद्याच्या दोन बाजूंनी नुसते भांडले. मग अलीकडचा गप्प गप्प राहायला लागला. पाहुणा जसा परक्या घरात गप्प होतो तसा. पलीकडून मात्र ते गाणं येतच होतं, प्रत्येक गोष्ट दोनदा, मग थांबा. मादी त्या आवाजाच्या दिशेने एकेक काडी पुढे सरकली आणि जो समोर होता त्याच्या शेजारी येऊन बसली. ताईने हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. तिला वाटत होतं की मधेच गाणारा आजारी पडेल, कावळा खिडकीवर येईल, लाइट जाईल. लाइट एकदा गेलीही. ती पडद्यापाशी हात पसरून उभी राहिली, लाइट येईपर्यंत. तिने तिथे हात पसरून काय होणार होतं, देव जाणे.

घरटं झालं. अंडी झाली. अंडी फुटली तेव्हा अळीवाला शेडमध्ये मनसोक्त शीळ घालत होता, आणि कोणी त्याला काही बोललं नाही.

पिल्लांना ठिपके लावायचा दिवस आला. मोठ्या बाईंनी लाल नेलपॉलिशची बाटली आणि कोरडा कापूस टेबलावर ठेवला, ताईच्या समोर. ताई मागे सरकली.

"अळीवाल्याला सांगा ना, बाई. त्याचा हात स्थिर आहे."

"तो घाबरत नाही," बाई म्हणाल्या. "तू लाव."

हे तिने मला घरी आल्यावर सांगितलं. तेव्हा मी मशीनवर होते आणि ती मोरीत भांडी घासत होती, खरं तर भांडी घासायची पाळी तिची नव्हती. घासता घासता ती मधेच नळ बंद करायची, हात वर धरून बघायची, आणि पुन्हा नळ सोडायची. मी उठून गेले. ज्या बाईने लग्नकार्यातसुद्धा कधी नखं रंगवली नाहीत, तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका होता. पिल्लांना लावला त्याच बाटलीतला, त्यांच्यानंतर लगेच लावलेला, आणि तेवढाच वेळ वाळू दिलेला.

"दुपारपासून पाण्यात घालतेय," ती म्हणाली. "साबणाने घासला. ओल्या कापसाने पुसला." तिने तो ओला अंगठा माझ्यापुढे धरला. "लाल आहे ना ग?"

"आहे."

"नीट बघ."

एरवी मी म्हटलं असतं, पुरे झालं तुझं आता. मी तिचा हात धरून तिला खिडकीपाशी उजेडात नेलं, पदराने तिचं नख कोरडं केलं आणि नीट बघितलं.